अतिविषाचे पंधरा वेढे

"पाचवी," आमचे हे खडकाआडून येत म्हणाले आणि लोटा गवतावर ठेवून त्याच्याच शेजारी बसले.

"मोजताय कशाला?"

"तूच म्हणालीस ना, किती वेळा, कशी, सगळं सांगा म्हणून. वहीत लिहायचंय तुला."

म्हटलं होतं खरं. मी वही उघडली, तारीख घातली, 'सकाळपासून पाच वेग, द्रव, शूल अल्प' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"अल्प नाहीये," हे माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाले. "चांगलंच दुखतंय."

"वेदना मोजायची एक पद्धत असते. तुमच्या चेहऱ्यावरून अल्पच आहे."

त्या वेळी मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि आयुर्वेद कॉलेजात द्रव्यगुण शिकवत होते, म्हणजे कुठल्या वनस्पतीत काय गुण, कुठल्या मुळाची चव कशी, कशाने काय बरं होतं, हे सगळं. एकोणीस वर्षं शिकवत होते. वर्गात माझा दरारा होता. मुलं मागून मला काय म्हणत ते मला माहीत होतं, पण इथे लिहीत नाही. आमचे हे, दिगंबर केळुसकर, पाटबंधारे खात्यात नकाशे काढत. गरीब माणूस. मला कधी उलटून बोलले नाहीत, आणि मी ते माझ्या संसाराचं यश समजत होते.

आम्ही बसलो होतो गढवालातल्या एका बुग्याळावर. झाडांची हद्द संपली की डोंगराच्या वरच्या अंगाला जी मोकळी कुरणं लागतात, त्यांना तिकडे बुग्याळ म्हणतात. सप्टेंबर महिना, चहूकडे फुलंच फुलं, आणि मधेच ढग येऊन सगळं पुसून टाकत होता. शंभरेक पावलांवर सुरमादेवीची छानी होती, म्हणजे उन्हाळा-पावसाळ्यात म्हशी घेऊन राहायची दगडी झोपडी. खालच्या गावात आम्ही उतरलो होतो, आणि ती वर निघालीच होती म्हणून काल तिच्याबरोबर आम्हीही चढून आलो. पन्नाशीची, काटक, बोलायला मोजकी. वाटेत तिने एकच गोष्ट दोनदा बजावली होती: "बहनजी, काहीही उपटायच्या आधी मला दाखवा."

मी हसून मान डोलावली होती. मनात म्हटलं, बाई गं, तू मला दाखव म्हणतेस? मला?

आता एवढ्या लांब आम्ही कशाला तडफडलो, तेही सांगते. वर्गात मी दर वर्षी अतिविष आणि बचनाग शिकवायची. दोघी सख्ख्या बहिणी. एकाच कुळातल्या, हिमालयात शेजारी शेजारी उगवणाऱ्या, दोघींच्या फुलाला तीच टोपडं घातल्यासारखी ठेवण. पण अतिविष म्हणजे आपल्याकडे प्रत्येक घरात बाळगुटीत उगाळून तान्ह्या पोराला चाटवतात ते, आणि बचनाग म्हणजे शुद्ध केल्याशिवाय हरभऱ्याएवढं पोटात गेलं तरी माणूस आडवा करणारं. 'दोहोंतील फरक स्पष्ट करा, गुण दहा' हा माझा हमखास प्रश्न. त्यात चुकणाऱ्याला मी नापास करायची आणि वर म्हणायची, "तुमच्या हातून माणूस मरेल."

तर त्या वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने निरागसपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही हे झाड पाहिलंय का हो?"

पाहिलं कुठलं! मी पाहिली होती ती काष्ठौषधीच्या दुकानातली वाळकी मुळं आणि कॉलेजच्या कपाटातला एक चिकटवलेला, रंग उडालेला नमुना. "अर्थात," असं मी म्हणाले, आणि घरी येऊन ह्यांना सांगितलं की सप्टेंबरात रजा काढा. ह्यांना तेव्हा दारं रंगवून घ्यायची होती.

आणि इथे येऊन काल रात्री ह्यांनी राजमा खाल्ला. दोन वाट्या.

"माझ्या पिशवीत गोळी आहे," हे पोट धरून म्हणाले. "डॉक्टर मोकाशींनी निघताना दिलीय, प्रवासात लागेल म्हणून."

"मोकाशी! पंधरा दिवसांचा कोर्स करून येतात आणि ॲलोपथीच्या गोळ्या वाटतात... अहो, तुम्ही अतिसाराचे रोगी, आणि अतिसाराचं जगातलं उत्तम औषध या कुरणात उगवतं. ताजं! चरकाच्या काळापासून! आणि तुम्ही गोळी खाणार? मी कॉलेजात तोंड कसं दाखवू?"

"कॉलेजात कोण सांगणारे?"

"मी सांगणार. हीच तर केस आहे."

मी छत्री घेतली, वही घेतली आणि ढगात शिरले.

दहा मिनिटांत सापडलं. ओढ्याच्या काठाला, दगडांच्या सांदीत, कमरेएवढं उंच झुडूप आणि त्यावर तुरे. तेच ते टोपडं! अंगावर काटा आला माझ्या. एकोणीस वर्षं ज्याच्यावर बोलत होते ते समोर उभं होतं आणि वाऱ्याने मान हलवत होतं. मी खरंच हात जोडले.

मग वही उघडली. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: अतिविषाचं फूल फिकट, हिरवट निळं, त्यावर जांभळ्या शिरा. समोरचं फूल गर्द निळं होतं, शाईच्या दौतीसारखं. मी म्हटलं, ताजं आहे, रंग गडद असायचाच, कपाटातलं उडालेलं असतं. वहीत लिहिलेलं होतं: वरची पानं देठाशिवाय खोडाला मिठी मारून बसलेली, कडा नुसत्या दातेरी. समोरची पानं देठावर होती आणि पार बोटांसारखी फाटलेली. मी म्हटलं, उंचीचा परिणाम असेल, जागेप्रमाणे थोडाफार फरक पडतोच. छत्रीच्या टोकाने खणून मूळ काढलं, मोडलं. आत पांढरंशुभ्र हवं होतं, ते मळकट निघालं. मी म्हटलं, माती लागलीय.

एखाद्या पोराने पेपरात असं लिहिलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. पण मला दहापैकी दहा गुण द्यायला तिथे मीच होते, आणि ते मी देऊन टाकले.

परत येताना छानीवरून गेले. दारात सुरमादेवी ताक घुसळत होती. मूळ माझ्या हातात होतं. नुसतं पुढे केलं असतं तरी काम झालं असतं. पण कधी शाळेची पायरी न चढलेल्या बाईला, एम.डी. झालेल्या मी, विचारायचं? मी मूठ पदराखाली घेतली आणि "ढग फार आलाय, नाही?" असं काहीतरी बोलून पुढे सटकले.

"मिळालं?" ह्यांनी विचारलं.

"मिळालं म्हणजे काय! आता बघा."

एक सपाट दगड धुतला. थर्मासच्या झाकणात दोन घोट कोमट पाणी घेतलं आणि सहाणेवर उगाळतात तसं मूळ उगाळायला बसले. आपल्याकडे गुटीचं माप वेढ्यांवर असतं, दगडावर मूळ एकदा गोल फिरवलं की एक वेढा. तान्ह्याला एक, वर्षाच्या पोराला दोन. ह्यांचं वजन लक्षात घेऊन मी पंधरा घेतले.

उगाळताना एक विचार आला की चव घेऊन बघावी. पण 'अनोळखी मूळ कधीही जिभेला लावू नये' हा नियम मी मुलांना घालून दिला होता, आणि मी नियमाची पक्की. म्हणून मी चव घेतली नाही. नवऱ्याला दिलं.

ह्यांनी झाकणात डोकावून पाहिलं. "गढूळ आहे."

"औषध आहे ते, सरबत नाही. घ्या."

"तू अशी टक लावून बघत राहिलीस तर मला गिळवत नाही. तिकडे तोंड कर."

मी पाठ केली आणि वहीत घालून आणलेला पानाफुलांचा तुरा वर्तमानपत्रात नीट पसरवायला लागले. पाच मिनिटांनी रिकामं झाकण माझ्या खांद्यावरून पुढे आलं.

"घेतलंत का?"

"घेतलं," हे मिशी पुसत म्हणाले. "सगळं."

बावीस वर्षं मी हेच विचारत होते आणि हेच उत्तर मिळत होतं. मी घड्याळ पाहून वहीत वेळ लिहिली.

तेवढ्यात सुरमादेवी आमच्यासाठी ताकाचा गडवा घेऊन आली. तिने गडवा खाली ठेवला. मग वर्तमानपत्रावरचा तुरा पाहिला, दगडावरचं ओलं, उगाळलेलं मूळ पाहिलं. खाली बसली, मुळाला बोट न लावता वाकून वास घेतला.

"ये किसलिए घिसा?"

"ह्यांच्यासाठी. पोट बिघडलंय. अतीस," मी अतिविषाचं तिकडचं नाव घेऊन म्हटलं, थोडं कौतुकानेच.

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"बहनजी, ये अतीस नहीं है. ये मीठा है. हमारी भैंस मर गई थी इससे." मग ह्यांच्याकडे पाहत म्हणाली, "पिया तो नहीं?"

मीठा म्हणजे बचनाग. काष्ठौषधीवालेही त्याला मीठा तेलियाच म्हणतात. मी वर्तमानपत्राकडे पाहिलं. गर्द निळं फूल, फाटलेली पानं, देठ. वर्तमानपत्रावर ते इतकं स्वच्छ दिसत होतं की पहिल्या वर्षाच्या मुलानेही ओळखलं असतं.

मी गुडघ्यांवर रांगत ह्यांच्यापाशी गेले आणि दोन्ही हातांनी ह्यांचा हात घट्ट धरला.

"अहो! कसं वाटतंय तुम्हाला?"

हे दचकले. माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिले. सुरमादेवीचं बोलणं ह्यांना कळलंच नव्हतं. हिंदीच्या बाबतीत हे पहिल्यापासून कच्चे, आणि ती बोलायची भरभर.

"बरं वाटतंय," हे म्हणाले. "खूपच बरं. एकदम उतार पडला."

"जिभेला मुंग्या येतायत का? खरं सांगा!"

"मुंग्या?" हे माझा चेहरा निरखत म्हणाले. "येतायत की. छान येतायत."

"देवा! ओठ? ओठ बधिर झालेत?"

"झालेत थोडे. गुण येतोय वाटतं."

"छातीत धडधडतंय?"

"हो, तेही."

एकेक लक्षण मी शिकवलेल्या क्रमाने हजर होत होतं. मुंग्या, बधिरपणा, धडधड. पुढची पायरी मला तोंडपाठ होती, आणि ती मी मनातसुद्धा म्हणू शकत नव्हते. डॉक्टर खालच्या रस्त्याला, एक दिवसाच्या चालीवर. मी सुरमादेवीला ओरडून सांगितलं, "घी! घी लाओ!" कारण ग्रंथात बचनागावर तूप सांगितलंय, आणि त्या क्षणी ग्रंथाशिवाय माझ्याकडे होतंच काय! ती धावत गेली, वाटीभर म्हशीचं तूप घेऊन आली. मी चमच्याने ह्यांच्या तोंडात कोंबायला लागले.

"अगं, जुलाबात तूप?"

"गिळा! माझी शपथ आहे, गिळा!"

हे तूप गिळत होते, माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी एकीकडे ह्यांची नाडी बघत होते. नाडी चांगली होती. माझीच लागत नव्हती. "कसं वाटतंय? आता कसं वाटतंय? चक्कर येते का? माझ्याकडे बघा. मी दिसते ना नीट?" हेच पुन्हा पुन्हा. हे प्रत्येक वेळी मान हलवायचे, शांतपणे, अगदी शहाण्या मुलासारखी. अगं मेले, मी स्वतःला म्हणत होते, मारलंस. तुझ्या त्या शहाणपणाने मारलंस. मी ह्यांना सगळं सांगून टाकलं. म्हटलं, मी चुकले, ते अतिविष नव्हतं, विष होतं, माझ्या हाताने मी तुम्हाला विष पाजलं हो!

तरी हे घाबरले नाहीत. नुसते अवघडल्यासारखे झाले. इकडे तिकडे बघायला लागले. मला वाटलं, विष मेंदूत गेलं.

सुरमादेवी मात्र मघापासून ह्यांना न्याहाळत होती. ती मला म्हणाली, "स्वाद कैसा था, पूछो."

"चव कशी होती हो? आठवून सांगा."

"कडू," हे चटकन म्हणाले. "कडूजहर. तुझी सगळीच औषधं असतात तशी."

"क्या बोले?"

"कडवा," मी सांगितलं.

सुरमादेवीने मान हलवली. "कडवा तो अतीस होता है. मीठा कभी कडवा नहीं होता."

मी थांबले. चमचा हातात तसाच राहिला. अहो, रस! द्रव्याची चव! एकोणीस वर्षं मी शिकवलेलं पहिलं वाक्य तेच होतं. अतिविष कडू. बचनाग जिभेवर आधी गोडसर, मग मुंग्या. हे मूळ बचनागाचं, त्यात शंका नाही. ते कडू लागणं शक्य नाही. आणि ते कडू लागलं असं सांगणाऱ्या माणसाने...

मी ह्यांचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"अहो. औषध कुठे ओतलंत?"

हे लोटा उचलून उठायला लागले.

"कुठे ओतलंत?"

ह्यांनी हळूच बोट केलं. बसायच्या दगडामागे, गवतात, एक ओला डाग होता.

मला काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी आधी ह्यांच्या दंडावर दोन चापट्या मारल्या, जोरात. मग ह्यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले, परक्या बाईसमोर, तुपाचा चमचा हातात धरून. सुरमादेवीने उठून दगडावरचं ते मूळ काठीने ओढ्यापलीकडे उडवलं, गवतातल्या डागावर माती लोटली आणि हात धुवायला गेली. जाताना ती हसत होती, आणि मला त्याचा राग आला नाही.

जरा वेळाने मी नाक पुसलं. डोकं ठिकाणावर आल्यावर दुसरंच काहीतरी ध्यानात यायला लागलं.

"हे कधीपासून चाललंय?"

"काय?"

"ओतणं."

ह्यांनी आकाशाकडे पाहिलं. "तसं नक्की नाही सांगता येणार."

"दिवाळीत खोकल्याचा काढा दिला होता, तो?"

"जास्वंदीला."

"गेल्या वर्षी गुडघ्यासाठी दिलं ते?"

"तेही जास्वंदीलाच."

आमची जास्वंद दोनदा मेली होती. मी कॉलेजातल्या सहकाऱ्याला घरी बोलावून तिची माती तपासून घेतली होती.

"लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तुम्हाला कावीळ झाली होती. ती माझ्या औषधाने बरी झाली. मी वर्गात अजून ती केस सांगते!"

"तेव्हा चाळीत राहत होतो," हे अपराधी आवाजात म्हणाले. "मोरी होती."

बावीस वर्षांचे माझे यशस्वी उपचार एका मोरीत आणि एका कुंडीत गेले होते. आणि ज्या दिवशी मी खरंच चुकले, त्या दिवशी त्याच सवयीने हा माणूस जिवंत राहिला होता. रागवावं तर कशावर? मला हसूच आलं. हसताना पुन्हा रडू आलं.

"पण मघाशी?" मी विचारलं. "मी एवढी जिवाच्या आकांताने विचारत होते. मुंग्या येतात का, ओठ बधिर झाले का. सगळ्याला हो हो काय म्हणत होतात? माझा जीव गेला असता."

"आधी वाटलं, तू तपासतेयस. घेतलं की नाही ते."

"मी रडत होते! मी विष म्हणून सांगितलं! तेव्हा तरी बोलायचंत."

हे हातातलं गवताचं पातं सोलत बसले. ढग थोडा वर सरकला आणि समोरची उतरण उजेडात आली.

"तेव्हा सांगणारच होतो," हे म्हणाले. "पण काय आहे, इतकी वर्षं तू मला 'घेतलंत का' एवढंच विचारत आलीस. 'कसं वाटतंय' हे आज पहिल्यांदा विचारलंस. हात धरून. म्हटलं, विचारतेय तर विचारू दे अजून थोडा वेळ."

मला लाज वाटली, खरी लाज, कान तापतात तशी. वहीत 'शूल अल्प' लिहिताना मी ह्यांच्या पोटाला हातसुद्धा लावून पाहिला नव्हता.

मी उठले. ह्यांच्या पिशवीतून मोकाशींची गोळी शोधून काढली, पाकिटावरचं नाव तीनदा वाचलं आणि ताकाच्या गडव्याशेजारी ह्यांच्यासमोर बसले. ह्यांनी गोळी तोंडात टाकली. मी दोन्ही हातांत ह्यांचा हात घेतला.

"कसं वाटतंय?"

"अगं, पोटात तर जाऊ दे," हे म्हणाले, पण हात काही काढून घेतला नाही.